नाना, तो कानवाला कोण?

मागच्या अंकात मी सहज लिहून गेलो, की नातवाला 1966 सालची ‘स्टार ट्रेक’ ही अंतराळयानाची अमेरिकन मालिका दाखवायला बसवलं आणि सातव्या मिनिटाला तो पाणी प्यायला म्हणून उठला तो परत आलाच नाही. भुसावळात अडतीस वर्षं टीव्ही दुरुस्त करून आता दुकानाचं शटर कायमचं ओढलेला माणूस मी. एवढ्याशा वाक्यावर इतकी पत्रं येतील असं काही वाटलं नव्हतं. तेव्हा या खेपेला सेट टॉप बॉक्स आणि रिमोटचे प्रश्न बाजूला. आलेल्या पत्रांतली पाच घेतो.

प्रश्न : मी रेल्वेतून निवृत्त. ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर रविवारी सकाळी ‘स्टार ट्रेक’ लागायची, ती आमच्या घरी कोणी चुकवत नसे. आता नातवंडं सुट्टीत आली की मी हौसेने लावतो. ती म्हणतात, “आजोबा, हे सगळं पुठ्ठ्याचं आहे.” मनाला लागतं हो. काय करावं? — एक आजोबा, यावल

उत्तर : आजोबा, पोरं खरं बोलतात. प्लायवूड, पुठ्ठा आणि रंग, एवढंच आहे ते. तुम्ही बाजू मांडायला गेलात की खेळ संपला. मी पहिल्यांदा तेच केलं. “अरे, त्या काळात हे फार मोठं होतं” असं म्हणालो, आणि या वाक्यानंतर कुठलंही पोर जागेवर बसत नाही हे अनुभवाने सांगतो.

दुसऱ्या खेपेला मी उलटं केलं. नातवाला म्हटलं, थांब, यातली फसवाफसवी मीच दाखवतो. त्या यानाची दारं माणूस जवळ गेला की सर्रकन उघडतात ना? मागे दोन माणसं उभी राहून ती हाताने ओढत. त्यांना इशारा उशिरा मिळाला की नट दारावर आदळे. डॉक्टर मॅकॉयच्या हातातली काही उपकरणं म्हणजे मिठाच्या डब्या. एका भागासाठी वेगळ्या घडणीच्या डब्या आणल्या, पण त्या मिठाच्या वाटेचनात. मग त्या भागात साध्या डब्या वापरल्या आणि या डब्या डॉक्टरच्या हातात गेल्या. माणसं एका जागी विरघळून दुसऱ्या जागी उगवतात, तो प्रकार तर पैसे नव्हते म्हणून सुचला. दर आठवड्याला यान ग्रहावर उतरवून दाखवायचं तर खर्च झेपणारा नव्हता.

हे ऐकल्यावर पोरगा हलला. “मग ते चमचम कसं करायचे?” काळ्या पार्श्वभूमीपुढे ॲल्युमिनियमची पूड वरून सोडायची, मागून उजेड मारायचा आणि कॅमेरा उलटा धरून संथ गतीने चित्रण करायचं, म्हणजे पडणारे कण वर चढताना दिसतात. आम्ही ॲल्युमिनियमच्या नादी लागलो नाही, ते पेट घेऊ शकतं. गणपतीच्या मखरातली उरलेली चमकी घेतली. दोरीवर काळी घोंगडी टांगली, टॉर्च लावला, मोबाइल उलटा धरून स्लो मोशनवर ठेवला. तिसऱ्या प्रयत्नाला जमलं. पंखा बंद करायचा मात्र राहिला. त्या दिवशी घरात वरण-बट्टी होती आणि बट्टीचं पीठ उघडंच. सूनबाईंनी आम्हा दोघांना काय ऐकवलं ते इथे छापण्यासारखं नाही. संध्याकाळी जेवताना माझ्या बट्टीत एक हिरवी चमकी निघाली, ती नातवाने बोटाने उचलून दाखवली आणि म्हणाला, “नाना, माणूस आला.”

पण हे सगळं दारापर्यंत आणण्यापुरतं. आत शिरण्याचं वेगळं आहे, आणि ते मला आमच्या गार्डकाकांमुळे कळलं.

आम्ही रेल्वे क्वार्टरमध्ये राहायचो. ओळीत टीव्ही एकच, तो गार्डकाकांचा. ब्लॅक अँड व्हाइट, लाकडी शटरचा. रविवारी सकाळी वीस-पंचवीस पोरं जमिनीवर, मोठी माणसं दारात, एकजण गच्चीवर अँटेना धरून. मी कायम गच्चीवर. “आला का?” “मुंग्या येऊन राहिल्या!” “आता?” “आता आला, हलू नको!” मालिका इंग्रजी, आणि ओळीत इंग्रजी समजणारं माणूस एकच. काका मूळचे अमळनेरकडचे, गाडीवर नसले की अहिराणीच बोलायचे. ते खुर्चीत बसून चालू भागाचं भाषांतर करायचे. टोकदार कानांचा स्पॉक पडद्यावर आला की एखादं नवं पोर विचारायचंच, “काका, हाऊ कानवाला कोन शे?” काका म्हणायचे, “हाऊ हासत नही, रडत नही. याना बाप दुसरा गावना शे, माय आपलीच शे.” स्पॉकचा बाप व्हल्कन नावाच्या ग्रहावरचा आणि आई पृथ्वीवरची, हे इतक्या कमी शब्दांत मी आजवर कुठे वाचलेलं नाही. इंजिनीअर स्कॉटी घाबरून काही सांगायला लागला की काकांना उत्साह यायचा, कारण तो त्यांचा प्रांत. “इंजिन गरम हुई गये. ड्रायव्हर सांगस, आते गाडी पयनार नही!” आणि सगळी पोरं चिंतेत.

पुढे डीव्हीडी आल्यावर मी ते भाग इंग्रजी अक्षरं वाचत वाचत पुन्हा पाहिले. काकांनी निम्मं मनाने ठोकून दिलं होतं! एका भागात कॅप्टन कर्क मेहुण्याच्या लग्नाला निघालाय असं त्यांनी सांगितलेलं मला पक्कं आठवतं. मूळ भागात मेहुणा नाही, लग्न नाही, नुसती साथ पसरलेली आहे. दोन दिवस मला फसवल्यासारखं वाटलं. मग लक्षात आलं, मी चाळीस वर्षं जी मालिका मनात धरून बसलोय ती हीच, मेहुण्याच्या लग्नाची.

तेव्हा आजोबा, तुम्ही गार्डकाका व्हा. पोरांना आज इंग्रजी येतं, पण शेजारी बसून आपल्या बोलीत बडबडणारा माणूस त्यांच्याकडे नाही. आणि पहिल्या भागापासून सुरू करू नका, एकूण भाग 79 आहेत आणि त्यात भरताड पुष्कळ. ‘द डेव्हिल इन द डार्क’ हा 1967 सालचा भाग घ्या. खोल खाणीत कोणी तरी खाणकामगारांना मारतंय. सगळे बंदुका घेऊन त्या दगडासारख्या प्राण्याच्या मागे. तो प्राणी म्हणजे अक्षरशः पायपुसण्याएवढा दिसणारा गोळा, पोरं हसणारच, हसू द्या. मग स्पॉक त्याच्यावर हात ठेवतो आणि कळतं, की खाणीत जे गोल दगड हे लोक फोडत होते ती त्या प्राण्याची अंडी आहेत. त्या क्षणाला काका खुर्चीतून पुढे सरकून म्हणाले होते, “हाई माय शे. अंडासनी राखन करी राहिनी.” दारात उभ्या असलेल्या बायकांपैकी एकजण “अगं बाई” म्हणाली, ते मी गच्चीवरून ऐकलं. चित्र मला दिसलंच नव्हतं.

नातवाला हा भाग दाखवला तेव्हा मी तेवढंच वाक्य बोललो. तो उठला नाही. संपल्यावर विचारलं, “ती पिल्लं मग काय करतात?” बोगदे खणतात, आणि खाणवाल्यांना खनिज सापडत जातं, असं शेवटी आहेच. पण त्याला ते पुरलं नाही. अजून विचारतोय.

प्रश्न : माळ्यावर व्हीएचएस कॅसेटचा खोका सापडला. वडिलांनी टीव्हीवरून रेकॉर्ड केलेल्या जुन्या मालिका आहेत, कव्हरवर ‘इंद्रधनुष’, ‘सिग्मा’ असं त्यांच्या अक्षरात आहे. काहींवर पांढरं काही तरी धरलंय. मुलगा म्हणतो भंगारात द्या. — एक वाचक, चाळीसगाव

उत्तर : भंगारवाल्याला आल्या पावली परत पाठवा.

ते पांढरं म्हणजे बुरशी. कॅसेटच्या खिडकीतून टॉर्च मारून रिळाची कड बघा. भुरी धरल्यासारखी दिसली तर ती कॅसेट कुठल्याही व्हीसीआरमध्ये घालू नका. ती हेडला चिकटते आणि त्यानंतर घातलेली प्रत्येक चांगली कॅसेट बाधित होते. अशा कॅसेट वेगळ्या पिशवीत बांधा आणि रीळ बाहेर काढून साफ करणाऱ्या जाणत्या माणसाकडेच द्या. (मी आता करत नाही, डोळे साथ देत नाहीत. कृपया दुकानाचा पत्ता विचारू नका.) ज्या स्वच्छ आहेत त्या आधी एकदा पूर्ण पुढे, मग पूर्ण मागे गुंडाळून घ्या, म्हणजे रीळ मोकळं होतं. मग व्हीसीआरला कॅप्चरचं यंत्र जोडून संगणकात उतरवा. पहिल्या फेरीतच उतरवा, दुसरी फेरी मिळेलच असं नाही. आणि कॅसेट उभ्या ठेवा. पत्र्याखालच्या माळ्यावर तर नकोच, आपल्याकडचा मे महिना तुम्हाला सांगायला नको.

मुलाला एक गोष्ट सांगा. इंग्लंडात बीबीसीने 1963 च्या नोव्हेंबरात ‘डॉक्टर हू’ ही मालिका सुरू केली. तिचा पहिला भाग दिग्दर्शित करणारे वारिस हुसेन आपल्या लखनौत जन्मलेले. त्या काळी टेप महाग, म्हणून बीबीसीने जुन्या टेपा पुसून पुन्हा वापरल्या. कितीतरी भागांचं चित्र आजही मिळत नाही. पण आवाज सगळ्या भागांचा आहे. का? तर घरोघरी पोरांनी टीव्हीपुढे टेपरेकॉर्डर ठेवून तो भरून घेतला होता. 2013 साली नायजेरियात पडून राहिलेल्या डब्यांतून नऊ हरवलेले भाग परत मिळाले, तेव्हा तिकडे बातमी झाली. तुमच्या खोक्यात ‘इंद्रधनुष’चा 1989 सालचा एखादा भाग मधल्या जाहिरातींसकट असेल तर त्या जाहिरातीही कापू नका. आणि ‘सिग्मा’ म्हणजे ‘स्पेस सिटी सिग्मा’च असणार. त्यातला खलनायक झखाकू आठवतो का? आमच्या दुकानातल्या पोऱ्याला आम्ही दोन वर्षं त्याच नावाने हाक मारत होतो.

प्रश्न : मी आठवीत आहे. माझे पप्पा मला दर रविवारी ‘कॅप्टन व्योम’ बघायला बसवतात. मला खूप कंटाळा येतो पण त्यांना वाईट वाटू नये म्हणून मी आवडल्यासारखं करते. हे खोटं बोलणं झालं का? — जळगाव

उत्तर : झालं. पण फार मोठं नाही, घाबरू नकोस.

तुझे पप्पा 1998 साली साधारण तुझ्याएवढे किंवा थोडे लहान असतील. मिलिंद सोमण अंतराळात कैद्यांच्या मागे धावायचा आणि केतन मेहतांनी जे कॉम्प्युटरचे देखावे केले होते तसं आपल्या टीव्हीवर आधी कोणी पाहिलं नव्हतं. आज तुला ते मोबाइलमधल्या जुन्या गेमसारखं दिसत असणार. मलाही तसंच दिसतं, खरं सांगतो. शिवाय तेव्हाच्या मालिका एकच गोष्ट दोन-दोनदा सांगतात, कारण मधेच लाइट जायची, मागचा आठवडा कोणाचा तरी चुकलेला असायचा, आणि मागे जाऊन बघायची सोय नव्हती. तू एका दमात पाच भाग बघशील तर कंटाळशीलच. ते तसं बघायला केलेलंच नाही.

पुढच्या रविवारी एक कर. भाग सुरू व्हायच्या आधी विचार, “पप्पा, तुम्ही हे कुठे बसून बघायचात? शेजारी कोण असायचं?” उत्तर मालिकेपेक्षा लांब निघालं तर टीव्ही बंदच ठेव. आणि मग सौदा कर. एक रविवार त्यांचा, एक तुझा. तुझ्या रविवारी त्यांनी मोबाइल हातात घ्यायचा नाही. तू जी काही कोरियन-जपानी मालिका बघतेस ती त्यांना कळत नसेल तर भाषांतर तू करायचं, मनाने चार गोष्टी घालून केलंस तरी चालेल. आणि कंटाळा येतो हे त्यांना सरळ सांग. बापाला पोरीचं नाटक कळत असतं, तो बोलत नाही इतकंच.

प्रश्न : मी भडगाव तालुक्यात जिल्हा परिषद शाळेत शिक्षक आहे. मुलांना जुन्या विज्ञानमालिकांची गोडी लावावी असं फार वाटतं. पण प्रोजेक्टर बंद, लाइटचा भरवसा नाही, मुलांचं इंग्रजी जेमतेम. तास 35 मिनिटांचा. काही उपाय? — एक गुरुजी

उत्तर : गुरुजी, तुमच्याकडे लाइट नाही हे उत्तमच झालं. सांगा ना तोंडाने!

अमेरिकेत 1959 ते 1964 ‘द ट्वायलाइट झोन’ नावाची मालिका होती, बहुतेक भाग अर्ध्या तासाचे, दर भागाची गोष्ट वेगळी. यातल्या बऱ्याच गोष्टी सांगण्यासाठीच जन्मल्यात. एक मी उन्हाळ्यात गच्चीवर अंथरुणं टाकल्यावर पोरांना सांगतो. एक बँकेतला कारकून. वाचायचं भयंकर वेड, पण साहेब वाचू देत नाही, बायको वाचू देत नाही. एके दिवशी तो तिजोरीच्या खोलीत लपून वाचत बसतो, तेवढ्यात वर अणुबॉम्ब पडतो. बाहेर येतो तर जगात कोणी उरलं नाही. आधी घाबरतो, रडतो. मग त्याला पडलेलं वाचनालय दिसतं. पुस्तकंच पुस्तकं, आणि आता वेळच वेळ. पायऱ्यांवर तो महिन्यामहिन्याचे ढीग लावतो. पहिलं पुस्तक उचलायला वाकतो…

इथे थांबायचं. बाई म्हणा, गुरुजी म्हणा, कितीही ओरडा झाला तरी थांबायचं. शेवट मुलांकडून लिहून घ्या. आमच्या गच्चीवर एकाने साप काढला, एकाने साहेब जिवंत ठेवला, आणि रावेरकडच्या एका भाचीने सांगितलं, “त्याला वाचून वाचून सांगायला कोणी नाही म्हणून तो पुस्तक ठेवून देतो.” खरा शेवट मी दुसऱ्या दिवशी सांगतो. तो वाकतो तेव्हा त्याचा चष्मा घसरून फुटतो. गच्चीवर एकदम शांतता असते, आणि मग चष्मा असलेलं एखादं पोर हळूच आपला चष्मा चाचपतं.

आवाजाचा प्रयोगही करा, त्याला फक्त तंतुवाद्य आणि किल्ली लागते. ‘डॉक्टर हू’मधल्या काळात फिरणाऱ्या यंत्राचा तो घरघरणारा आवाज, जुन्या मोडक्या पियानोच्या जाड तारांवर घराची किल्ली घासून केलेला आहे. गावातल्या भजनी मंडळाकडे तुटकी एकतारी असेलच. चांगली मागू नका, देणार नाहीत, आणि देऊही नये.

आणि सहल काढणार असाल तर तुमच्या शेजारी पाटणादेवी आहे. पोरांना धबधबा दाखवून परत आणू नका. तिथल्या देवळातल्या शिलालेखापुढे पाच मिनिटं उभं करा. ज्योतिषी-गणिती भास्कराचार्यांचा नातू चांगदेव, त्याने आजोबांचे ग्रंथ शिकवायला तिथे मठ काढला, त्याचा तो लेख, साल 1207. बराचसा संस्कृत, शेवटच्या ओळी मात्र जुन्या मराठीत, आणि त्यात मठाला कोणी काय द्यायचं याचा हिशेब. चालत्या घाण्यामागे पळीभर तेलसुद्धा धरलंय! ग्रहगणित शिकवायचं तर रात्री दिव्याला तेल लागणारच, असं मी आपलं माझ्यापुरतं समजतो. माझ्या नातवाला तिथे नेलं तेव्हा त्याने विचारलं, “आजोबांचं पुस्तक नातवाला आवडलं होतं का शिकवावं लागलं म्हणून?” मी म्हटलं, चल, भजी खाऊ.

प्रश्न : नातू पुण्यात इंजिनीअरिंगला आहे. तो म्हणतो, “आजी, मला ‘डॉक्टर’सारखा लांब मफलर विणून दे.” फोटो पाठवलाय, पण मफलर जमिनीला टेकतोय. एवढा लांब कशाला? माप चुकलंय का? — एक आजी, अमळनेर

उत्तर : आजी, माप नातवाचं चुकलेलं नाही. चुकलं असेल तर पन्नास वर्षांपूर्वी चुकलं.

हा ‘डॉक्टर’ म्हणजे वर सांगितलेल्या ‘डॉक्टर हू’ मालिकेतला. तो मरायला टेकला की नव्या रूपात उठतो, म्हणजे नट बदलतो आणि मालिका चालू राहते. 1966 साली पहिल्या नटाची तब्येत ढासळली तेव्हा काढलेली ही पळवाट. 1974 मध्ये टॉम बेकर नावाचा चौथा नट आला. त्याच्यासाठी मफलर विणायला बेगोनिया पोप नावाच्या बाईंकडे वेगवेगळ्या रंगांची लोकर दिली, निवडून घ्या म्हणून. बाईंना वाटलं, सगळी वापरायचीय. त्यांनी ती सगळी विणली! बेकरने तो गळ्यात घातला आणि तो तसाच ठेवला गेला.

तेव्हा तुम्ही घरातली उरलेली सगळी लोकर काढा. स्वेटरांची, टोप्यांची, कोणाच्या तरी बाळंतविड्यातली. रंग जुळवू नका, रुंद पट्टे टाका, साधी वीण पुरे. संपेपर्यंत विणा. आपल्याकडे तो घालायला डिसेंबर-जानेवारीच मिळणार, पण पुण्याच्या होस्टेलवर उशीला म्हणूनही चालेल. पाठवण्याआधी कॉटवर पसरून किती भरला ते मोजा आणि मला पोस्टकार्डावर कळवा, आमच्या घरी पैज लागलीय. मी अकरा फूट म्हटलंय, नातू सोळा म्हणतो.